फोटोखालील पदव्या



आपल्या घरात भगवान बुद्धांच्या प्रतिमेशेजारी बाबासाहेबांचा फोटो असतो. त्या फोटोखाली त्यांच्या नावापुढे पदव्यांची एक लांब ओळ छापलेली असते. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., एल्एल.डी., डी.लिट., बार-ॲट-लॉ. आपण त्या फोटोसमोर मेणबत्ती लावतो, हात जोडून त्रिसरण-पंचशील म्हणतो. घरातले लहान मूल कधीतरी बोट दाखवून विचारते, की ही अक्षरे कसली? आपण सांगतो, बाबासाहेब फार शिकले होते. मुलाचे समाधान होते आणि आपलीही सुटका होते.

पण शाळामास्तराची अशी सुटका होत नाही. वर्गातली मुले पुढचा प्रश्न विचारतात. काय शिकले होते?

तर त्या ओळीतील पहिल्या चार पदव्या नीट पाहा. त्या चारही एकाच विषयाच्या आहेत. त्या विषयाला अर्थशास्त्र म्हणतात, आणि त्यातही बाबासाहेबांनी जो भाग निवडला तो सरकारच्या पैशाचा. सरकारी तिजोरीत पैसा कोठून येतो, कोणाच्या घरातून येतो, कोणासाठी खर्च होतो, रुपया स्वस्त झाला की कोणाचे पोट मारले जाते, या प्रश्नांचा अभ्यास त्यांनी केला. घटनेचे शिल्पकार आणि धम्मचक्र फिरविणारे महामानव म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्याच्या आधीचा, पैशाचे शास्त्र शिकणारा आणि स्वतःच्या खिशात पैसा नसलेला हा विद्यार्थी मात्र आपल्या फारसा परिचयाचा नाही. आज तुम्हाला त्याचीच गोष्ट सांगावयाची आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, हे तुम्ही जाणताच. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेत शिकविणारे, शिस्तीचे आणि शिक्षणाचे वेडे. निवृत्त झाल्यावर पेन्शनीवर घर चालविताना मुलाला पुस्तक हवे झाले की हा बाप लग्न झालेल्या मुलीकडे जाई, पैसे मागे. तिच्याजवळ नसले तर तिचा दागिना गहाण टाकी आणि पेन्शन आल्यावर सोडवून परत देई. परळच्या चाळीतल्या एका खोलीत भांडीकुंडी, सरपण, माणसे आणि अभ्यास सगळे एकत्र होते.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. गुण मिळाले ७५० पैकी २८२. आजचे आईबाप मुलाच्या गुणपत्रिकेवरून घरात रडारड करतात, त्यांनी हा आकडा लिहून ठेवावा. त्या काळी अस्पृश्य मुलाने मॅट्रिक होणे हीच मोठी बातमी होती. सत्काराची सभा झाली. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र या मुलाच्या हाती दिले. आपल्या धम्माच्या इतिहासात त्या पुस्तकाचे काय मोल आहे हे सांगणे नको. पण केळुसकर गुरुजी पुस्तक देऊन थांबले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हा त्यांनीच बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, आणि महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्या पंचवीस रुपयांवर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजमधून बी.ए. झाले.

बी.ए. झालेल्या मुलाने काय करावे? घरची अपेक्षा त्या काळीही आजच्यासारखीच होती. नोकरी धरावी. भीमरावांनी जानेवारी १९१३ मध्ये बडोदे संस्थानात नोकरी धरलीही; पण वडील आजारी असल्याची तार आली आणि ते परत फिरले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. घरात पत्नी रमाबाई, नुकताच जन्मलेला यशवंत, भावांचे कुटुंब. मिळवता हात हवा होता. अशा वेळी सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठविण्याचे ठरविले, आणि भीमरावांनी अर्ज केला. ४ जून १९१३ रोजी करार झाला. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. परत आल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षे नोकरी.

हा अर्ज करताना त्यांच्या मनात काय चालले असेल याचा विचार माझ्या मनातून जात नाही. बाप गेल्याला चार-पाच महिने झालेले, चाळीतले घर उघडे, आणि हा तरुण समुद्रापलीकडे निघालेला. आपल्यापैकी कितीजण त्या वेळी घरचे वडीलधारे असते तर जा म्हणाले असते?

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. वय बावीस. सुरुवातीचे काही महिने त्यांचे अभ्यासात फारसे लक्ष लागले नाही, असे चरित्रकार लिहितात. खेळ, मित्र, सिनेमा, नवे शहर. ज्याला गावात पाणी वरून ओतून मिळाले, त्याला येथे सगळ्यांच्या बरोबरीने एका टेबलावर जेवता येत होते, एका बाकावर बसता येत होते. भुरळ पडली तर नवल नाही. मग एका रात्री आपण येथे कशासाठी आलो याचा विचार त्यांनी केला, आणि तेथून जो अभ्यास सुरू झाला तो पुन्हा थांबला नाही. लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना नावाचा पारशी तरुण त्यांच्या खोलीत राही. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

कोलंबियात विषय निवडण्याची मोकळीक होती. तेथील तीन वर्षांत बाबासाहेबांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. म्हणजे साठ अभ्यासक्रमांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या अर्थशास्त्राचे. त्यांचे मुख्य गुरू प्राध्यापक एडविन सेलिग्मन. करआकारणी आणि सरकारी अर्थव्यवहार या विषयात त्या काळी अमेरिकेत त्यांचे नाव फार मोठे होते. जॉन ड्यूई हे तत्त्वज्ञही तेथेच शिकवीत, आणि त्यांचा ठसा बाबासाहेबांवर जन्मभर राहिला. पण पैशाचा हिशेब तपासण्याची नजर दिली ती सेलिग्मन यांनी.

लाला लजपतराय तेव्हा न्यूयॉर्कमध्ये होते. तेथल्या हिंदी विद्यार्थ्यांना ते स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढू पाहत. बाबासाहेब त्यांना भेटले, पण अभ्यास सोडला नाही. हातातले काम पुरे करावयाचे, हे त्यांनी ठरवून टाकले होते.

आता एम.ए.विषयी. १५ मे १९१५ रोजी त्यांनी या पदवीसाठी एक निबंध सादर केला. विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा राज्यकारभार आणि अर्थव्यवहार. काही चरित्रांत या पदवीच्या संदर्भात प्राचीन हिंदुस्थानातील व्यापारावरील लेखनाचाही उल्लेख येतो. कंपनीवरचा निबंध लहान आहे, अवघ्या चाळीस-बेचाळीस पानांचा. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली बाबासाहेबांच्या लेखनाचा जो सहावा खंड काढला त्यात तो आहे. ज्याला इंग्रजी येते त्याने तो मिळवून वाचावा. तेवीस-चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहिलेला आहे, तेव्हा कठीण वाटणार नाही.

त्यात काय आहे? एखाद्या जाणत्या कारकुनाने सावकाराची वही उघडून बसावे तसे बाबासाहेब कंपनीची वही उघडून बसले आहेत. जमेच्या बाजूला काय? शेतसारा, अफू, मीठ, जकात. म्हणजे शेतकऱ्याची जमीन आणि गरिबाच्या भाकरीवरचे मीठ. खर्चाच्या बाजूला काय? फौज, लढाया, कर्जावरचे व्याज, विलायतेत पाठवायच्या रकमा. रस्ते, कालवे, लोकोपयोगी कामे यांच्या वाट्याला फारच थोडे. आणि १८५८ साली कंपनीचे राज्य संपवून इंग्लंडच्या राणीचे राज्य आले तेव्हा कंपनीचे कर्ज कोणाच्या डोक्यावर बसले? हिंदुस्थानातल्या रयतेच्या. ज्या लढायांनी हा देश जिंकला गेला त्यांचा खर्चही याच देशाने भरला. तरुण भीमराव हे सगळे आरडाओरडा न करता, आकडे मांडून दाखवतात. २ जून १९१५ रोजी त्यांना एम.ए. पदवी मिळाली.

फोटोखालचे पहिले अक्षर येथे पुरे झाले.

पदवी मिळाल्यावर ते थांबले नाहीत. मे १९१६ मध्ये त्यांनी मानववंशशास्त्राच्या वर्गात हिंदुस्थानातील जातींवरचा प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी पीएच.डी.साठी मोठा प्रबंध दिला, तो पुढे वाढवून ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेचा विकास या विषयावरचा ग्रंथ झाला. विषय रुक्ष वाटतो ना? मग असे समजा. एकत्र कुटुंबात सगळी कमाई थोरल्या भावाच्या पेटीत जमा होते. धाकटे भाऊ खर्च करतात, पण कमाईची जबाबदारी त्यांच्यावर नाही. मग जो जास्त हात पसरतो आणि जास्त ओरडतो त्याला जास्त मिळते, आणि जो मुकाट्याने काटकसर करतो तो उपाशी राहतो. १८३३ च्या कायद्यानंतर हिंदुस्थानात असेच झाले होते. तिजोरी कलकत्त्याच्या सरकारकडे, खर्च मुंबई-मद्रासच्या प्रांतांकडे. १८७१ पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने कशी बदलली, आधी नेमून दिलेली रक्कम, मग नेमून दिलेली उत्पन्ने, मग वाटून घेतलेली उत्पन्ने, हे सगळे बाबासाहेबांनी शोधून काढले. आजही केंद्र आणि राज्ये यांच्यात कराचा वाटा कसा पाडावा यावरून भांडणे होतात. त्या भांडणाचा पहिला नीट इतिहास लिहिणाऱ्यांत परळच्या चाळीतला हा विद्यार्थी आहे.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये आणि अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातले. आणि येथे पैसा संपला. शिष्यवृत्तीची मुदत १९१७ मध्ये संपली, बडोद्याने परत बोलाविले. विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत तेवढी पदरात पाडून ते निघाले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान वेगळ्या बोटीने येत होते आणि ती बोट शत्रूच्या पाणबुडीने बुडविली. पोटाला चिमटा काढून घेतलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. सामानाची जी भरपाई मिळाली त्या पैशातून बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला, असे सांगतात.

बडोद्याची हकीकत तुम्ही ऐकलेली आहे. तरी येथे ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण आपल्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे. राज्याच्या अर्थखात्यासाठी महाराज त्यांना तयार करू पाहत होते, आणि तोवर लष्करी सचिव म्हणून नेमले. कोलंबियाचा एम.ए., सरकारी तिजोरीच्या हिशेबाचा जाणकार, आणि त्याला शहरात राहावयाला खोली मिळेना. एका पारशी उतारशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेला पारशांचा जमाव आला आणि संध्याकाळच्या आत जागा सोड असे बजावून गेला. कचेरीतले शिपाई कागद हातात न देता टेबलावर दुरून फेकीत. कोणाकडेही आसरा मिळाला नाही तेव्हा ते बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. पदवी होती, नेमणूक होती, महाराजांचा आधार होता. एक छप्पर मात्र नव्हते.

मुंबईत त्यांनी शिकवण्या घेतल्या. शेअर बाजारातील व्यवहारांचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. तो बरा चालू लागला होता, पण सल्ला देणारा माणूस कोणत्या जातीचा आहे हे कळताच गिऱ्हाईके येईनाशी झाली. पैशाला जात नसते असे आपण म्हणतो. हा अनुभव घेतलेल्या माणसाला ते म्हणता आले नसते. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांना दरमहा ४५० रुपयांची तात्पुरती जागा मिळाली. तेथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत होती. विद्यार्थी मात्र त्यांचा तास ऐकण्यासाठी दुसऱ्या कॉलेजांतूनही येत.

त्याच वर्षी, १९१८ मध्ये, त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्या काळचे पंडित म्हणत, जमिनीचे तुकडे झाले म्हणून शेती बुडाली, तेव्हा तुकडे जोडा. बाबासाहेब म्हणाले, तुकडा लहान की मोठा हे एकट्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्या जमिनीवर अवजारे, बैल, भांडवल किती आहे यावर ते ठरते. आणि खरे दुखणे हे की जमिनीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत. त्यांना दुसरा उद्योग द्या, कारखाने काढा, म्हणजे शेतीही सुधारेल. गावाबाहेरच्या वस्तीतून आलेल्या आणि बलुत्याच्या भाकरीवर जगलेल्या समाजाला या विचाराचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तुमचे आजोबा-पणजोबा गाव सोडून गिरणीत, गोदीत, रेल्वेत का आले, ते आठवा.

दोन वर्षे पगारातले पैसे साठविले. घर रमाईंनी चालविले. परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्या, मोठे कुटुंब, आणि हातात मोजके पैसे. अर्थशास्त्राच्या कोणत्याही ग्रंथात रमाईंचा हिशेब छापलेला नाही, पण बाबासाहेबांच्या पदव्यांचा खर्च ज्या वहीत लिहिला गेला ती वही त्यांची होती. त्यांना पाच अपत्ये झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. लंडनहून येणाऱ्या पत्रांत तिकडचीही ओढाताणच असे. इकडून पैसे मागावे तर इकडे नाहीत, आणि तिकडून पाठवावे तर तिकडे नाहीत. भगिनींनो, तुमच्यापैकी ज्यांनी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या शिक्षणासाठी स्वतःचे मन मारले आहे त्यांना हे वाचताना नवीन काही वाटणार नाही.

जानेवारी १९२० मध्ये शाहू महाराजांच्या मदतीने 'मूकनायक' सुरू झाला. समाजाचे काम नुकते अंगावर घेतलेले, आणि तरीही मार्चमध्ये त्यांनी प्राध्यापकी सोडली व जुलैमध्ये लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपत आली होती. साठविलेले पैसे पुरणार नव्हते. तेव्हा कोलंबियातला तो मित्र, नवल भथेना, पुढे आला आणि त्याने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. बडोद्यात पारशांच्या जमावाने उतारशाळेतून हाकलले, आणि मुंबईत पारशी मित्राने लंडनची वाट मोकळी केली. माणसे मोजताना बाबासाहेबांनी सरसकट हिशेब कधी केला नाही, त्याचे कारण अशा अनुभवांत असावे.

लंडनचे ते दिवस फार हालांचे होते. ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय उघडण्याच्या वेळेला ते दारात असत आणि बंद होईपर्यंत उठत नसत. दुपारच्या जेवणाला पैसे नसत. रात्री खोलीवर परतल्यावर ओळखीच्या माणसाने दिलेले पापड भाजून खावे, कपभर काहीतरी गरम प्यावे, आणि पुन्हा वाचत बसावे. त्या काळात ते किंग हेन्रीज रोडवरच्या ज्या दहा नंबरच्या घरात राहत, ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि तेथे स्मारक केले. लंडनला जाणारे आपले बांधव आता ते पाहून येतात. फोटोत घर मोठे टुमदार दिसते. त्यात राहणाऱ्या भाडेकरूच्या पोटात भूक होती हे फोटोत दिसत नाही.

जून १९२१ मध्ये लंडन विद्यापीठाची एम.एस्सी. मिळाली. प्रबंध पुन्हा सरकारी तिजोरीवरच होता, साम्राज्याच्या अर्थव्यवहाराचे प्रांतांकडे झालेले विकेंद्रीकरण. एकाच विषयात त्यांची ही दुसरी मास्टरची पदवी. एक पदवी असताना दुसरी कशाला, असे कोणी विचारील. त्यांचे समाधान झाले नव्हते, एवढेच उत्तर मला सापडते. १९२२ मध्ये ते जर्मनीतील बॉन विद्यापीठातही नाव घालून आले. जर्मन भाषा ते कोलंबियात शिकलेच होते.

मग त्यांनी डी.एस्सी.साठी रुपयाचा प्रश्न हाती घेतला. तो थोडा समजून घ्या, कारण तो तुमच्या-माझ्या मजुरीचा प्रश्न आहे. तेव्हा रुपया चांदीचा होता आणि इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७३ नंतर जगात चांदी स्वस्त होत गेली. हिंदुस्थानाला दरसाल इंग्लंडला पेन्शने, व्याज वगैरे पौंडांत द्यावे लागे. चांदी उतरली की तेवढ्याच पौंडांसाठी जास्त रुपये लागत, आणि ते रुपये करांतून काढले जात. १८९३ मध्ये सरकारने लोकांच्या चांदीची नाणी पाडून देणे बंद केले, पुढे एका रुपयाला एक शिलिंग चार पेन्स असा भाव बांधला, आणि सोन्याशी दुरून नाते ठेवणारी एक पद्धत बसविली. तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणत. केन्स या प्रख्यात इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची बाजू घेतली होती. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. या पद्धतीत सरकारला हवे तितके रुपये पाडता येतात, रुपये वाढले की महागाई वाढते. म्हणून नाणी पाडण्याच्या सरकारच्या अधिकाराला पक्की मर्यादा घाला, असे त्यांचे म्हणणे. आणि रुपया उतरला की परदेशी माल पाठविणाऱ्या व्यापाऱ्याचा फायदा होतो असे सगळे म्हणत होते, तो फायदा येतो कोठून हे त्यांनी दाखविले. वस्तूंचे भाव लवकर चढतात, मजुरी मागे रेंगाळते. मधला फरक व्यापाऱ्याच्या पदरात पडतो, आणि तो मजुराच्या घासातून गेलेला असतो.

ऑक्टोबर १९२२ मध्ये प्रबंध दिला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो फेरफार करून पुन्हा द्यावा असे कळविले. त्यातली टीका इंग्रज परीक्षकांना झोंबली, असे चरित्रकार सांगतात. त्या वेळेपर्यंत पैसे संपले होते. लंडनमध्ये बसून पुन्हा लिहिणे शक्य नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, चाळीतल्या खोलीत बसून फेरफार केले, आणि ऑगस्टमध्ये प्रबंध टपालाने रवाना झाला. निष्कर्ष त्यांनी बदलले नाहीत. नोव्हेंबर १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. डिसेंबरात लंडनच्या प्रकाशकाने ग्रंथ छापला. त्याला प्रस्तावना लिहिली प्राध्यापक एडविन कॅनन यांनी, आणि त्यांनी त्या प्रस्तावनेतच आपले काही मतभेद सांगून टाकले. गुरूने शिष्याच्या ग्रंथात शिष्याशी वाद घालावा आणि शिष्याने तो आनंदाने छापावा, ही रीत आपल्याकडेही यावी असे मला फार वाटते. ग्रंथ अर्पण केला आहे आईवडिलांना. दागिना गहाण टाकणारे सुभेदार तो पाहावयाला नव्हते.

डिसेंबर १९२५ मध्ये हिंदी चलनाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे, म्हणजे हिल्टन यंग कमिशनपुढे, त्यांनी साक्ष दिली. पुढे १९३४ च्या कायद्याने रिझर्व्ह बँक झाली आणि १ एप्रिल १९३५ पासून तिचे काम सुरू झाले. आपल्याकडच्या भाषणांत रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या प्रबंधातूनच निघाली असे सरसकट सांगितले जाते. त्यांचा त्या चर्चेतला वाटा मोठा होता, आणि तेवढे सांगणे पुरेसे आहे. ज्या माणसाने आकडा पडताळल्याशिवाय वाक्य लिहिले नाही, त्याच्याविषयी बोलताना आपणही जपून बोलावे.

राहिली पीएच.डी. ती मागेच राहून गेली होती. कोलंबियाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात दिल्याशिवाय पदवी हाती पडत नसे, आणि छपाईला पैसे लागतात. १९१६ साली दिलेला प्रबंध, वाढवून, १९२५ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. सेलिग्मन यांनी प्रस्तावना लिहिली, आणि ग्रंथ अर्पण झाला सयाजीराव महाराजांना. पदवी अधिकृतपणे मिळाली ८ जून १९२७ रोजी. त्या आधी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले होते.

फोटोखालची एल्एल.डी. पुढे कोलंबियानेच दिली. ती घेण्यासाठी १९५२ साली, पहिल्यांदा गेल्यानंतर एकोणचाळीस वर्षांनी, ते त्याच विद्यापीठात गेले, आणि ५ जूनच्या समारंभात तिचा स्वीकार केला. तोपर्यंत मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि औरंगाबादला मिलिंद कॉलेज उभे राहिले होते. रमाई त्यांच्याबरोबर नव्हत्या. त्या २७ मे १९३५ रोजीच गेल्या होत्या.